तीन बाटल्या आणि एक जुना अर्ज

मी एक जुना अर्ज आहे. कागदावरचा नव्हे, कॉम्प्युटरमधला. शिकलेली माणसं मला कव्हर लेटर म्हणतात. बाकीचे म्हणतात, 'ते बायोडाटाबरोबरचं पत्र'. ज्या दुकानात मी राहतो तिथले मास्तर मला नुसतं 'आपलं नेहमीचं' म्हणतात. गिऱ्हाईक आलं की ते विचारतात, "नेहमीचं टाकू ना?" गिऱ्हाईक मान डोलावतं. नेहमीचं म्हणजे काय, हे बारा वर्षांत फारसं कोणी विचारलेलं नाही. मित्रांनो, माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. ते का, हे माझी कहाणी ऐकलीत की कळेल.

माझं घर म्हणजे एका अरुंद रस्त्यावरचं झेरॉक्सचं दुकान. समोर रोजगार कचेरी, शेजारी चष्म्यांचं दुकान. आत दोन कॉम्प्युटर आहेत. त्यातला एक चालतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लॅमिनेशनची पाकिटं ठेवतात. मास्तर पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर गेले, विद्यार्थी गेले, 'मास्तर' हे नाव तेवढं मागे राहिलं. दुकान काढल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की समोरच्या कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अर्ज हवा असतो, पण लिहायला कोणालाच नको असतो. मग एका दुपारी त्यांनी मला जन्माला घातलं. सुरुवात एका पत्रलेखनाच्या पुस्तकातून उचलली, मधला भाग दुसऱ्या पुस्तकातून आणि शेवट कोणाच्या तरी निरोपसमारंभातल्या भाषणातून. अशी माझी थोर वंशावळ.

'आपल्या नामांकित संस्थेची उत्तरोत्तर होणारी प्रगती पाहून माझ्या मनात सेवेची प्रबळ इच्छा निर्माण झाली आहे,' अशी माझी सुरुवात होते. मग विशेषणं येतात. कष्टाळू, होतकरू, प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ, तत्पर, जिद्दी, शिस्तप्रिय, सुस्वभावी, निर्व्यसनी आणि बहुआयामी. मोजून अकरा. बहुआयामी म्हणजे काय हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं, पण शब्द भारदस्त आहे, असू दे, म्हणाले. माझं पहिलं गिऱ्हाईक एक वेल्डर होता. मास्तरांनी त्याला ही यादी हौसेने वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "वा! हा मी आहे होय?" तेव्हा मला वाटलं, गडी खूश झाला. आता वाटतं, तो खरंच विचारत होता.

त्या दिवसांत मी फार तोऱ्यात होतो. लोक म्हणत, "काय भाषा आहे हो मास्तर!" आणि मला वाटे, आपल्यासारखे आपणच. पण लवकरच माझ्या लक्षात आलं, की भाषेची तारीफ करणाऱ्यांपैकी एकानेही मला पहिल्या दोन ओळींच्या पुढे वाचलेलं नाही. ज्या कागदावर आपलं पोट अवलंबून आहे तो माणसं न वाचता सही करून देतात. भाजीवाल्याकडे टोमॅटो मात्र दाबून दाबून बघतात.

मास्तरांची एक पद्धत आहे. नवीन गिऱ्हाइकासाठी ते नवीन फाईल कधीच करत नाहीत. आधीच्या गिऱ्हाइकाचाच अर्ज उघडतात, नाव बदलतात, पत्ता बदलतात, पद बदलतात आणि तोच पुन्हा सेव्ह करतात. त्यात कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. एक शब्द सांगितला, की तो जिथे जिथे असेल तिथे तिथे दुसरा शब्द आपोआप बसतो. या सोयीवर मास्तरांचा भारी जीव. एक बटण दाबलं की सुताराचा गवंडी होतो, असं ते अभिमानाने सांगतात. पण आधीच्या माणसाचं काही ना काही मागे राहतंच. शिवणकाम करणाऱ्या एका मुलीच्या अर्जात 'अवजड वाहनाचा परवाना आहे' असं गेलं. एका आचाऱ्याच्या अर्जात 'चौथीपर्यंत गणित शिकवू शकतो' असं गेलं. आणि एका मिशाळ पहारेकऱ्याने 'विवाहानंतरही नोकरी करण्यास पतीची संमती आहे' असं लिहून खाली झोकात सही ठोकली. तिघांनाही नोकरी मिळाली नाही. तिघांनीही नशिबाला दोष दिला.

"वाचत नाही हो कोणी," असं मास्तर म्हणतात. खरं सांगायचं तर ते खोटं नाही. मी ई-मेलने जातो. जातो तरी दुकानात उरतोच, आणि जिथे जातो तिथेही असतो. माझ्या जितक्या प्रती तितके माझे डोळे. त्यामुळे पलीकडे काय चालतं हे मी पाहिलेलं आहे. गावाबाहेर औषधं बनवणारा एक कारखाना आहे. तिथे भरती बघणारे एक साहेब आहेत. अर्ज उघडून त्यांना 'नामांकित' हा शब्द दिसला, की ते म्हणतात, "आले नामांकित," आणि डिलीटचं बटण दाबतात. डिलीट केलेला अर्ज लगेच मरत नाही. महिनाभर त्याच कॉम्प्युटरच्या कचरापेटीत पडून असतो आणि सगळं ऐकत असतो. साहेब अर्ज पुसतात, चहा पितात, आणि मग फोनवर कोणाला तरी सांगतात की आजकाल चांगली माणसंच मिळत नाहीत. न वाचता पाठवणारे इकडे, न वाचता पुसणारे तिकडे, आणि मध्ये मी. दोघांनाही एकाच माळेचे मणी म्हणायला माझी हरकत नाही.

अशा दुकानात एका मंगळवारी सकाळी एक बाई आल्या. बरोबर त्यांचे थोरले भाऊ होते. बाई सत्तेचाळीस वर्षांच्या, पण भाऊ त्यांना अजून 'बेबी' म्हणायचे. बाईंनी काचेच्या कारखान्यात एकवीस वर्षं बाटल्या तपासल्या होत्या. कारखाना आठ महिन्यांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून त्या भावाच्याच घरी होत्या. आणि आता त्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायला एक माणूस हवा होता. एकच जागा. अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती.

भाऊ एका कचेरीत हेडक्लार्क होते. म्हणजे 'मान्यवर' हा शब्द जेवणाच्या ताटावरही वापरणाऱ्यांपैकी. त्यांनी खुर्ची ओढली आणि बहिणीला उभंच ठेवलं.

"मास्तर, जरा वजनदार होऊ द्या," ते म्हणाले. "साहेबावर छाप पडली पाहिजे."

"नेहमीचं टाकतो ना," मास्तर म्हणाले. "आजवर तक्रार नाही." तक्रार कशी येणार? ज्यांना नोकरी मिळत नाही ते तक्रार करायला दुकानात येत नाहीत, दुसऱ्या दुकानात जातात.

भावांनी मला वरवर चाळलं आणि ते खूश झाले. वर आणखी तीन विशेषणं सुचवली. एकूण चौदा झाली. बाई मागून म्हणाल्या, "दादा, मला बाटलीचा आवाज कळतो, ते लिहायचं का?"

"आवाज?" दादा मान न वळवता म्हणाले. "बेबी, तिथे काय तबला शिकवायचाय? असलं काही लिहिलंस तर हसतील लोक. गप्प बस जरा."

एकवीस वर्षं ज्या कानाने बाईंना पोसलं, त्या कानाची दादांनी एका वाक्यात वासलात लावली. मग घड्याळ पाहिलं, ऑफिसला उशीर होतोय म्हणाले, "मास्तर, बायोडाटा जोडा आणि पाठवून द्या, हिला काय कळत नाही," असं बजावलं आणि गेले. मी अनेक मूर्ख पाहिले आहेत, पण शहाणपणाच्या जोरावर मूर्ख झालेला माणूस मला सगळ्यात असह्य होतो.

मास्तरांनी बायोडाटा जोडला, मला जोडला, आणि पाठवायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना."

मास्तर गोंधळले. "अहो ताई, सगळं बरोबर आहे. तुम्ही वाचा हवं तर, हे बघा पडद्यावर."

"नाही, मोठ्याने वाचा. मला ऐकलं की कळतं."

आता मुदत संध्याकाळपर्यंत होती आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मास्तरांना वाचावंच लागलं. त्या वेल्डरनंतर माझं तोंड कोणी मोठ्याने उघडलं नव्हतं. नामांकित संस्था झाली, प्रबळ इच्छा झाली, चौदा विशेषणं झाली. बाई खिडकीकडे पाहत, मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या. आणि मग मास्तरांनी वाचलं, "रात्रपाळीत स्वतंत्रपणे श्वान हाताळण्याचा सात वर्षांचा अनुभव आहे." आदल्या दिवशीचं गिऱ्हाईक पहारेकरी होतं.

"मी कुत्री कधी हाताळली?" बाई म्हणाल्या.

"राहिलं वाटतं. काढतो, काढतो. तसं कोणी वाचत नाही हो."

"कोणी वाचत नाही, तर मग पाठवता कशाला?"

बाई पुढे आल्या. दादा बसले होते त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मास्तर, हे सगळंच बद्द वाजतंय. नुसतं कुत्र्याचंच नाही. तडा गेलेली बाटली टिचकी मारली की अशीच वाजते."

मित्रांनो, मला राग आला. चौदा विशेषणं अंगावर घेऊन उभा होतो मी, आणि एक बाटल्या तपासणारी बाई मला फुटकी म्हणत होती. पण पुढचं वाक्य ऐकून माझा राग थोडा खाली बसला.

"ही नोकरी नाही मिळाली, तर एक तारखेला मला चुलतबहिणीकडे पाठवणार आहेत," बाई म्हणाल्या. "तिची सासू अंथरुणाला खिळलीय. तिचं करायचं आणि तिथेच राहायचं. दादाने परस्पर कळवूनसुद्धा टाकलंय. मला विचारलं नाही कोणी. म्हातारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी तिथे गेले की संपले. परत कोण बोलवणार मला? म्हणून म्हणते, निदान माझं तरी पत्र पाठवा."

मास्तरांनी डोकं खाजवलं. "मग काय करू? नवीन?"

"कोरं पान असतं ना यात?"

"असतं की. पण कोऱ्यावर काय लिहिणार?"

हा माणूस कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, मित्रांनो. शेवटी वेळ वाचावा म्हणून त्यांनी ई-मेलमध्येच, जिथे मजकूर लिहायची मोकळी जागा असते तिथे, टाईप करायला घेतलं. बाई सांगत होत्या आणि मास्तरांची बोटं सवयीने 'कष्टाळू' कडे धावत होती. बाई म्हणत, "ते काढा." मास्तर काढत. पुढच्या वाक्यात 'होतकरू' घुसवत. बाई म्हणत, "सत्तेचाळीसाव्या वर्षी होतकरू? काढा." शेवटी जे उरलं ते असं होतं:

'साहेब, मी काचेच्या कारखान्यात एकवीस वर्षं बाटल्या तपासल्या. मिनिटाला चाळीस बाटल्या माझ्यासमोरून जायच्या. चांगल्या बाटल्या खणखणतात, तडा गेलेल्या बद्द वाजतात. डोळ्यांना दिसायच्या आधी मला ऐकू येतं. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही वाईट बाटली पुढे गेली नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या हातून तीन बाटल्या गेल्या. तिन्ही मला आठवतात. कारखाना बंद पडला म्हणून काम गेलं. मला कॉम्प्युटर येत नाही, शिकेन. बायोडाटा जोडला आहे.'

"ताई, तीन गेल्या हे कशाला सांगायचं?" मास्तर कळवळून म्हणाले. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"बाटल्या तपासणाऱ्याला विचारा. एकही गेली नाही असं सांगणारा खोटं बोलतो, हे त्याला लगेच कळतं."

त्यांनी स्वतःच्या बोटाने पाठवायचं बटण दाबलं आणि गेल्या. जाताना मास्तरांचे आभार मानले. आता मास्तरांनी काय करून ठेवलं होतं ते ऐका. बायोडाटाबरोबर मी आधीच जोडलेला होतो. नवीन मजकूर टाईप केला, पण मला काढायचं राहिलं. बाईंना त्यातलं कळत नव्हतं, मास्तरांच्या ध्यानात नव्हतं. म्हणजे बाईंचं खरं पत्र पुढे, आणि त्याच्या शेपटीला मी, चौदा विशेषणं आणि कुत्र्यासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मेल उघडला. वरचा मजकूर त्यांनी पाहिलासुद्धा नाही. सवयीने आधी जोडलेल्या फाईलवर गेले. मला उघडलं. 'नामांकित' दिसलं. "आले," म्हणाले. पण दुपारच्या जेवणाने त्यांना सुस्ती आली असावी, कारण बोट डिलीटवर जायच्या आधी डोळे घरंगळत खाली आले आणि कुत्र्यापाशी थांबले. साहेब फिदीफिदी हसले. शेजारच्या टेबलावर कारखान्याचे स्टोअरकीपर बसायचे. त्यांना हाक मारली. "अहो, या इकडे! बाटल्या तपासायला आज श्वानपथक आलंय!"

मला माझी लाज वाटली, हे मी कबूल करतो. आजवर माझ्यामुळे किती जणांच्या नोकऱ्या गेल्या हे मी मोजलेलं नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. न वाचणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या तर गेल्या. पण या बाईने मला वाचलं होतं. ऐकलं होतं. बाजूला ठेवलं होतं. तरी मी तिच्या मानगुटीवर बसून इथवर आलो होतो, आणि आता माझ्याच पायी ती चुलतबहिणीच्या सासूच्या अंथरुणापाशी जाणार होती. मला स्वतःला पुसता आलं असतं तर मी तिथल्या तिथे पुसलं असतं.

स्टोअरकीपर आले. हसले नाहीत. परवाच आलेल्या बाटल्यांमधल्या सतरा बाटल्या औषध भरताना मशीनमध्ये फुटल्या होत्या, आणि वरच्यांच्या शिव्या त्यांनीच खाल्ल्या होत्या. हसण्याच्या मनःस्थितीत माणूस नव्हता. त्यांनी साहेबांच्या हातून माउस घेतला, मला बंद केलं आणि मागे मेलमधला मजकूर उघडा पडला.

त्यांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने. 'तिन्ही मला आठवतात' पाशी ते थांबले.

"साहेब, हिला बोलवा."

"अहो, पण ते कुत्रं..."

"कुत्रं दुकानवाल्याचं आहे. हे हिचं आहे. बोलवा."

साहेबांनी बोलावलं. स्वतःची बुद्धी नसली की दुसऱ्याची वापरायला त्यांना कमीपणा वाटत नसे, एवढा एक गुण मी त्यांच्या पदरात टाकतो.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी सगळं छापून टेबलावर ठेवलं होतं, मीही होतो. स्टोअरकीपरांनी दहा बाटल्या आणल्या आणि नेमक्या माझ्या पाठीवर उभ्या केल्या. बाई आल्या. एकट्याच आल्या होत्या. दादांनी म्हणे सोबत यायचं म्हटलं होतं, पण त्या सांगून आल्या, की मुलाखत माझी आहे.

"त्या तीन कोणत्या?" स्टोअरकीपरांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"पहिली अगदी सुरुवातीची, मला शिकून दोन महिने झाले होते. बुडाला बारीक तडा होता. दुसरी, मला ताप होता आणि कान गच्च झाले होते. त्या दिवशी मी कामावर जायलाच नको होतं."

"आणि तिसरी?"

"तिसरी मला कळली होती. सुपरवायझर म्हणाला, गाडी उभी आहे, जाऊ दे. मी जाऊ दिली."

"मग?"

"मग काही नाही. काही झालं का, कोणाला लागलं का, ते मला कधी कळलं नाही. म्हणून तीच जास्त आठवते."

साहेब खुर्चीत चुळबुळले. स्टोअरकीपरांनी बाटल्यांकडे बोट केलं. बाईंनी पहिली उचलली आणि परत ठेवली. "आधी तो पंखा बंद करा," त्या साहेबांना म्हणाल्या. भरतीच्या साहेबांना पंखा बंद करायला सांगणारी ती पहिलीच उमेदवार असावी. साहेब उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. मग खोलीत नखाच्या टिचक्यांशिवाय आवाज नव्हता. बाईंनी दोन बाटल्या बाजूला काढल्या. स्टोअरकीपर म्हणाले, मी एकच फुटकी ठेवली होती. बाई म्हणाल्या, मग दुसरी तुम्हाला ठाऊक नव्हती. ती उजेडात फिरवून फिरवून पाहिल्यावर मानेच्या आतल्या अंगाला केसाएवढी चीर सापडली. बाई आणि स्टोअरकीपर ती चीर शोधत होते तोवर साहेब घाम पुसत होते.

बाई एक तारखेला कामावर हजर झाल्या. चुलतबहिणीच्या सासूकडे दादांनी एक बाई ठेवून दिली, म्हणजे तेही जमण्यासारखं होतंच. हेच दादा आता सगळीकडे सांगतात, की अर्ज मी लिहून दिला होता.

इथे माझी कहाणी संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसांना चांगली गोष्ट मिळाली की ती नासवल्याशिवाय चैन पडत नाही. बाई हजेरीच्या कागदांची झेरॉक्स काढायला दुकानात आल्या तेव्हा मास्तरांना बातमी कळली. बाई गेल्याबरोबर त्यांनी तो जुना मेल शोधला, मजकूर उचलला, कॉम्प्युटरमध्ये माझ्या शेजारी नेऊन ठेवला आणि त्याला नाव दिलं: 'यशस्वी अर्ज'. मग आपली आवडती बटणाची सोय वापरायला सुरुवात केली.

महिन्याभराने त्याच औषधांच्या कारखान्यात एका ड्रायव्हरचा अर्ज आला. त्याच्या शेपटीलाही नेहमीप्रमाणे मी होतो, म्हणून मी पाहिलं. 'चांगल्या गाड्या खणखणतात, तडा गेलेल्या बद्द वाजतात. माझ्या हातून तीन गाड्या गेल्या. तिन्ही मला आठवतात.' साहेबांनी तो छापून घेतला आणि तपासणीच्या खोलीत बाईंच्या हातात नेऊन दिला. "तुमचं पत्र फिरतंय बरं का," म्हणाले आणि हसले. बाई हसल्या नाहीत.

सुट्टी झाल्यावर त्या तडक दुकानात आल्या. मास्तर एका आयाचा अर्ज करत होते. तिला पाळणाघरात काम हवं होतं. ती बिचारी काउंटरला टेकून उभी होती, आणि पडद्यावर लिहिलेलं होतं, 'माझ्या हातून तीन मुलं गेली. तिन्ही मला आठवतात.'

"तुझ्या हातून किती मुलं गेली?" बाईंनी त्या आयाला विचारलं.

"अगं बाई! एक नाही!" आया दचकून म्हणाली. "असं काय विचारता?"

बाईंनी पडदा तिच्याकडे फिरवला. आयाने वाचलं. मग ती मास्तरांना जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही लहान आहात.

"अहो, चालतं तेच देतो ना लोकांना," मास्तर पुटपुटले. "तुमचंच आहे ताई. यश आलंय त्याला."

"माझंच आहे ना? मग पुसा."

मास्तर घुटमळले. बाईंनी त्यांच्या हातून माउस घेतला. एवढ्या दिवसांत कामावर त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. 'यशस्वी अर्ज' शोधला आणि पुसला. मग कचरापेटी उघडून तिथूनही पुसला. त्यांच्या त्या तीन बाटल्या होत्या, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या तोंडी त्यांना नको होत्या. मग कोरं पान उघडून त्यांनी आयाला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "रडणारं पोर तू कसं गप्प करतेस, ते सांग. मास्तर लिहितील."

आया सांगू लागली. मास्तर निमूटपणे लिहू लागले. जरा वेळाने, आपण सुधारलो हे दाखवायला असेल, त्यांनी माझ्याकडे बाण नेला आणि विचारलं, "ताई, हे जुनंही टाकू का पुसून?"

बारा वर्षं सगळ्यांना नावं ठेवली होती मी. वाटलं, पुसला गेलो की सुटलो एकदाचा.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "राहू द्या ते," त्या म्हणाल्या. "त्यात कोणाचं काहीच नाही. पुसणार काय?"

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही, मला जपण्यासारखं काही नाही. तुमच्यावर कधी अर्ज करायची वेळ आलीच, तर स्वतःची चार वाक्यं स्वतः लिहा, पाठवण्याआधी मोठ्याने वाचा, आणि पाठवताना शेपटीला मी नाही ना, तेवढं बघून घ्या.